रिबीन कापली आणि वाढली! लहान मुलांना लांबीची वजाबाकी कशी शिकवायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा बसमध्ये बसल्यावर हेडफोन घरीच राहिल्याचं लक्षात आलंय, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लेखी रूप. बोललो तसंच लिहिलंय, फक्त आकडे नीट दिसावेत म्हणून गणितं वेगळ्या ओळीत मांडली आहेत.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "हे काय, आम्ही कॉलेजात आहोत आणि तू तिसरीचं गणित काय शिकवतोयस?" जरा थांबा. तुमच्यापैकी कितीतरी जण घरी धाकट्या भावंडांचा अभ्यास घेता. काही जण वरखर्च निघावा म्हणून शेजारच्या मुलांची ट्यूशन घेता. आणि पुढे मी एक आकडा सांगणार आहे, तो तिसरीतल्या मुलांचा नाही, तुमच्याच वयाच्या मुलामुलींचा आहे. तेव्हा ऐका.

पाच गणितं, पाच फुल्या

गेल्या महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. भाची तिसरीत आहे. एरवी मी दारात दिसलो की पळत येते, त्या दिवशी आलीच नाही. कोपऱ्यात वही मिटून बसली होती. विचारलं, "काय गं, काय झालं?" तर म्हणाली, "मामा, मला गणित येतच नाही."

आठ वर्षांची मुलगी हे वाक्य इतक्या ठामपणे म्हणते ना, तेव्हा खरंच पोटात गलबलतं. कारण मंडळी, हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की ते दहावीपर्यंत जात नाही. काहींचं तर आयुष्यभर जात नाही.

वही उघडली. लांबीच्या वजाबाकीची पाच गणितं होती आणि पाचही गणितांवर लाल फुल्या. पहिलं गणित असं: एका दुकानात ५ मीटर २० सेंटिमीटर रिबीन होती. त्यातली २ मीटर ४५ सेंटिमीटर विकली. तर किती उरली?

भाचीनं लिहिलं होतं: ३ मीटर २५ सेंटिमीटर.

मी तिला फक्त एवढंच विचारलं, "हे कसं केलंस, मला सांगशील?" तर ती म्हणाली, "पाचातून दोन गेले, तीन. आणि लहान संख्येतून मोठी जात नाही ना, म्हणून मी पंचेचाळीसातून वीस वजा केले. पंचवीस."

बघा हं. ती आळशीपणा करत नव्हती, अंदाजपंचेही लिहीत नव्हती. "लहानातून मोठी जात नाही" हे तिला कुणीतरी मोठ्या माणसानंच सांगितलं होतं. तिनं ते इमानदारीनं पाळलं. मोठी संख्या वर, लहान खाली, झालं गणित. पाचही गणितांत तिनं हीच रीत वापरली होती, म्हणून पाचही चुकली. म्हणजे चुका पाच नव्हत्याच. चूक एकच होती, पाच वेळा केलेली. शिकवणाऱ्याला हे कळलं की अर्धं काम झालं.

मग मी तिला म्हटलं, "बरं, विकलेली रिबीन आणि उरलेली रिबीन परत जोडून बघूया. २ मीटर ४५ आणि ३ मीटर २५."

तिनं बेरीज केली. ५ मीटर ७० सेंटिमीटर.

थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, रिबीन कापली तर वाढली कशी?"

आणि हसायला लागली. माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं गणित तिथे सुरू झालं.

आधी एक पेन्सिल मोजूया

आता तुम्ही म्हणाल, चला, हातचा घ्यायला शिकवा आणि विषय संपवा. नाही, हातच्याकडे आपण येणारच आहोत. पण त्याच्या आधीची एक पायरी आहे आणि बहुतेक घरांत तीच सुटते.

मनात एक चित्र आणा. नेहमीची फूटपट्टी आहे. तिच्यावर एक पेन्सिल ठेवली आहे, पण शून्यापाशी नाही. पेन्सिलीचं मागचं टोक ३ वर आहे आणि पुढचं टोक ११ वर. पेन्सिलीची लांबी किती?

लहान मुलांना हे विचारलं की तीन प्रकारची उत्तरं येतात. काही मुलं म्हणतात ११, कारण टोक तिथे संपतंय. काही म्हणतात ९, कारण ती ३, ४, ५ अशा करत ११ पर्यंतच्या रेघा मोजतात. आणि काही म्हणतात ८. बरोबर उत्तर ८.

नऊ का नाही? बसमध्ये असाल तर एक हात मोकळा करा आणि पंजा पसरून बघा. बोटं किती? पाच. आणि बोटांच्या मधल्या जागा? चार. पट्टीवर आपण रेघा मोजत नाही, रेघांच्या मधल्या जागा मोजतो. सेंटिमीटर म्हणजे ती रेघ नव्हे, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतची जागा. हे पुन्हा पुन्हा सांगितलं तरी मुलांना पटत नाही, पण पंजा पसरला की एका मिनिटात पटतं.

आता तो आकडा. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं 'असर' नावाचं शिक्षणाचं सर्वेक्षण होतं, हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. 'असर २०२३'मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना रोजच्या वापरातली काही गणितं विचारली होती. त्यात पट्टीवरची लांबी मोजायची होती. वस्तू शून्यापासून सुरू होत होती, तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. वस्तू शून्यावरून सरकवली, आणि बरोबर उत्तर देणारे उरले ३९ टक्के.

पट्टी तीच, प्रश्नही तोच, फक्त सुरुवात बदलली. आणि शंभरातली सेहेचाळीस मुलं गळली.

का? कारण शून्यापासून मोजताना फक्त शेवटचा आकडा वाचायचा असतो, पण सरकवलेली वस्तू मोजताना वजाबाकी करावी लागते. ११ उणे ३. ही मुलं शाळेत कितीतरी वजाबाक्या सोडवून आलेली होती. पण पट्टीवर समोर वजाबाकी पडलीये, हे त्यांना दिसलंच नाही. तिसरीत "हातचा घे" म्हणून पुढे गेलो की अठराव्या वर्षी हे असं होतं.

पहिली पायरी: मोडकी पट्टी

तर पहिली पायरी मोडक्या पट्टीची. घरात मोडलेली पट्टी असेल तर उत्तमच. नसेल तर चांगल्या पट्टीच्या सुरुवातीच्या भागावर कागद चिकटवा, म्हणजे शून्य, एक, दोन, तीन हे आकडे झाकले जातील. आणि मुलाला सांगा, "आता या पट्टीनं खोडरबर मोज, चमचा मोज, मोबाइल मोज."

पहिल्यांदा मूल गडबडेल. गडबडू द्या. लगेच सांगू नका. मग ते एकेक जागा मोजायला लागेल. दहा वस्तू मोजून झाल्या की एकेक मोजायचा कंटाळा येईल आणि मूल स्वतःच म्हणेल, "अरे, शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा आकडा वजा केला की झालं!"

हे त्यानं म्हणायचं, आपण नाही. आपण म्हटलं तर तो नियम होतो, त्यानं म्हटलं तर तो शोध होतो. दोन्हीत खूप फरक आहे.

दुसरी पायरी: 'बाकी' हा एकच अर्थ नाही

आपला मराठी शब्दच बघा, वजाबाकी. वजा करायचं आणि बाकी राहील ते सांगायचं. म्हणजे काहीतरी काढून टाकलंय आणि काहीतरी उरलंय. रिबीन कापली, उरली किती? हा अर्थ मुलांना पटकन कळतो.

पण लांबीत वजाबाकी आणखी दोन रूपांत येते, आणि तिथे काही कापलेलं नसतं.

एक, तुलना. दादाची उंची १ मीटर ६२ सेंटिमीटर, ताईची १ मीटर ४८. दादा किती उंच? इथे कुणी कुणाला कापलेलं नाही. दोघं शेजारी उभे आहेत आणि आपण डोक्यांमधलं अंतर बघतोय.

दोन, कमी किती पडतंय. खिडकीच्या पडद्याला ३ मीटर कापड लागतं, घरात १ मीटर ७५ आहे. आणखी किती आणायचं? गणितात "आणखी" शब्द दिसला की मूल बेरीज करून मोकळं होतं. त्याचा दोष नाही. आपणच "उरले म्हणजे वजाबाकी, आणखी म्हणजे बेरीज" अशा युक्त्या शिकवलेल्या असतात.

म्हणून ट्यूशनमध्ये तिन्ही प्रकारचे प्रश्न मिसळून द्या. आणि प्रत्येक वेळी आधी एक रेघ काढायला सांगा. लांब रेघ, तिच्याखाली आखूड रेघ, दोघींचं डावं टोक एका जागी. उजवीकडे जी जागा मोकळी राहिली, तीच शोधायची आहे. कापलं असो, तुलना असो किंवा कमी पडत असो, चित्र एकच येतं.

तिसरी पायरी: मीटर सुटा करूया

आता येऊ भाचीच्या रिबिनीकडे. ५ मीटर २० मधून २ मीटर ४५.

जुनी वर्तमानपत्रं घ्या. त्यांच्या पट्ट्या कापून, चिकटवून बरोबर एक-एक मीटरच्या पाच पट्ट्या करा. शिवणकामाची टेप असेल तर मोजायला सोपं. एका पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला पेनानं खूण करा. शिवाय वीस सेंटिमीटरचा एक तुकडा कापा. आता जमिनीवर ५ मीटर २० सेंटिमीटर कागद आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण वहीतल्या पंधरा गणितांपेक्षा जास्त उपयोगी.

मी दुकानदार झालो नाही, भाचीला केलं. मी गिऱ्हाईक. म्हटलं, "२ मीटर ४५ द्या हो."

तिनं दोन अख्ख्या पट्ट्या दिल्या. मग वीसचा तुकडा हातात घेतला आणि अडकली. "पंचेचाळीस नाहीयेत माझ्याकडे."

मी काही बोललो नाही. आतून आजी म्हणाली, "अगं, शंभराची नोट असली आणि पंचेचाळीस रुपये द्यायचे असले तर काय करतेस?"

"सुटे करते!"

आणि तिनं खुणा केलेली पट्टी उचलली. मंडळी, इथे मी तुम्हाला एक विनंती करतो. "शेजाऱ्याकडून उसना घेतला" हे शब्द शक्यतो वापरू नका. उसना घेतलेलं परत करावं लागतं. इथे परत काही करायचं नसतं, मग मूल मनात म्हणतं, हे असंच काहीतरी जादूचं आहे. "हातचा" म्हणायला हरकत नाही, पण त्याआधी "सुटे करणे" म्हणा. सुटे केल्यानं पैसे वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत, हे आठ वर्षांच्या मुलाला चांगलंच माहीत असतं.

वहीत आम्ही ते असं लिहिलं:

५ मीटर २० सेंटिमीटर म्हणजेच ४ मीटर १२० सेंटिमीटर.

या ओळीवर थांबा. घाई करू नका. मूल विचारेल, "पण लांबी बदलली का?" पट्ट्यांवर हात ठेवून बघू द्या. कागद तेवढाच आहे. फक्त एक मीटर आता सेंटिमीटरच्या बाजूला जाऊन बसलाय.

मग पुढचं सोपं:

१२० मधून ४५ गेले, ७५ सेंटिमीटर.
४ मधून २ गेले, २ मीटर.
उरली २ मीटर ७५ सेंटिमीटर.

आणि लगेच ताळा: २ मीटर ७५ आणि २ मीटर ४५ मिळून ४ मीटर १२०, म्हणजे ५ मीटर २०. रिबीन जेवढी होती तेवढीच. वाढली नाही!

सव्वा, अडीच, पावणेतीन

गणित सोडवायच्या आधी उत्तराचा अंदाज घ्यायची सवय लावा. आणि त्यासाठी आपल्या भाषेत इतके छान शब्द आहेत की काही विचारू नका. कापडाच्या दुकानात आजही ते ऐकू येतात. ५ मीटर २० म्हणजे साधारण सव्वापाच. २ मीटर ४५ म्हणजे जवळजवळ अडीच. सव्वापाचातून अडीच गेले की किती? पावणेतीन. मीटरमध्ये पावणेतीन म्हणजे २ मीटर ७५. उत्तर तोंडी आलंसुद्धा! इथे अंदाज आणि उत्तर एकच आले, दर वेळी तसं होणार नाही. पण सव्वातीन मीटरसारखं चुकलेलं उत्तर मात्र लगेच खटकेल.

शहरातल्या मुलांना हे शब्द आता कमी माहीत असतात. लांबी शिकवताना ते आपोआप शिकवता येतात.

आणखी एक रीत जुन्या दुकानदारांची. ते सुटे परत देताना वजाबाकी करत नसत, पुढे मोजत जायचे. तसंच इथे करा. २ मीटर ४५ वर उभे आहोत, ५ मीटर २० ला पोचायचंय. ५५ सेंटिमीटर चाललो की ३ मीटर. आणखी २ मीटर चाललो की ५ मीटर. आणखी २० सेंटिमीटर. एकूण चाललो २ मीटर आणि ५५ अधिक २०, म्हणजे २ मीटर ७५. सुटे करायची गरजच नाही. ज्या मुलांना उभी मांडणी घाबरवते, त्यांना आधी ही रीत द्या.

शून्य कुठे गेलं?

आता एक खड्डा दाखवतो. हुशार मुलंही यात पडतात.

६ मीटर ८ सेंटिमीटर उणे २ मीटर ३५ सेंटिमीटर.

उभी मांडणी करताना मूल ८ हा आकडा ३५ मधल्या ३ च्या वर लिहितं. मग ते ८ नाहीत, ८० झाले. ८० मधून ३५ गेले, ४५. उत्तर ४ मीटर ४५. चूक!

खरं काय? ६ मीटर ८ म्हणजे ५ मीटर १०८. त्यातून २ मीटर ३५ गेले की ३ मीटर ७३.

उपाय साधा आहे. सेंटिमीटरच्या घरात नेहमी दोन आकडे लिहायचे. ८ असेल तर ०८. आणि सगळं सेंटिमीटरमध्ये करायचं असेल तर ६ मीटर ८ म्हणजे ६०८ सेंटिमीटर, ६८ नव्हे. ६८ सेंटिमीटर म्हणजे साधारण टेबलाची उंची, आणि ६ मीटर म्हणजे दोन मजल्यांएवढं उंच. हाताचे हावभाव करून दाखवा, मुलं विसरणार नाहीत.

एकाचे सुटे किती?

इथपर्यंत आलात तर आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. साध्या संख्यांच्या वजाबाकीत एक दशक सुटा केला की दहा मिळतात. मीटर सुटा केला की शंभर सेंटिमीटर. सेंटिमीटर सुटा केला की दहा मिलिमीटर. किलोमीटर सुटा केला की हजार मीटर. म्हणजे "हातचा घे" एवढं सांगून भागत नाही. आधी विचारायचं, "कशाचे सुटे करतोयस, आणि एकाचे किती होतात?"

तुमच्या वयाच्या लोकांची गंमत सांगतो. उंची विचारली की आपण सर्रास म्हणतो, "पाच पॉइंट सात." पण एका फुटाचे इंच बारा. म्हणून ५ फूट ७ इंच आणि ५.७ फूट या वेगळ्या उंची आहेत. ५.७ फूट म्हणजे ५ फूट ८ इंचांहून थोडं जास्तच. आता ५ फूट ४ इंचांतून ४ फूट ९ इंच वजा करा. सवयीनं दहा घेतले तर १४ मधून ९, उत्तर ५ इंच. बारा घेतले तर १६ मधून ९, उत्तर ७ इंच. सात बरोबर. दोन इंचांची चूक म्हणजे शिंप्याकडे अख्खा कपडा वाया.

आणि आपल्या पणजोबांच्या पिढीचा हिशेब तर आणखी भारी होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. "सोळा आणे खरं" हे आपण अजून म्हणतोच की. ३ रुपये ४ आण्यांतून १ रुपया १० आणे द्यायचे, तर एक रुपया मोडून सोळा आणे घ्यायचे. ४ चे २० झाले, त्यातून १० गेले, उरले १ रुपया १० आणे. शाळेत फारसे न गेलेले लोकही हे बाजारात तोंडी करायचे, कारण रुपया मोडणं त्यांच्या हातातलं काम होतं. वहीतली खूण नव्हे.

मापांचंही तेच. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला. पण साडीचं नाव अजून वारातच आहे, नऊवारी आणि सहावारी. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. नावाप्रमाणे मोजलं तर नऊवारी साधारण ८ मीटर २३ सेंटिमीटर आणि सहावारी साधारण ५ मीटर ४९ सेंटिमीटर. नऊवारी किती लांब? हे गणित मी तुमच्यावर सोपवतो. इथे पॉझ करा आणि करून बघा.

झालं? ७ मीटर १२३ मधून ५ मीटर ४९ गेले, २ मीटर ७४. आणि ताळा साडीच्या नावातच आहे. नऊ वारांतून सहा वार गेले, उरले तीन वार. तीन वार म्हणजे २७४ सेंटिमीटर आणि वर थोडंसं. जुळलं की नाही?

शिकवताना एवढं लक्षात ठेवा

ट्यूशन घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चुकलेल्या उत्तरावर फुली मारायच्या आधी "कसं केलंस?" विचारा. बहुतेक वेळा मुलाकडे कारण असतं. "लहानातून मोठी जात नाही" असं अर्धवट सांगू नका, "एवढे सुटे नाहीत, मग मोडायचं काय?" असं विचारा. आधी वस्तू, मग रेघ, मग आकडे, हा क्रम उलटा करू नका. उत्तराबरोबर मीटर किंवा सेंटिमीटर लिहिलंच पाहिजे, कारण नुसतं "पंचाहत्तर" म्हणजे काय, केळी? आणि प्रत्येक गणिताला ताळा. ताळ्यामुळे मूल स्वतःची चूक स्वतः पकडतं, आपल्या लाल पेनाची वाट बघत नाही.

एकाच दिवशी सगळं करू नका. मोडकी पट्टी एक दिवस, रेघांची चित्रं एक दिवस, सुटे करणं दोन दिवस. सेंटिमीटर-मिलिमीटर आणि किलोमीटर तर त्यानंतर केव्हातरी.

दाराची चौकट

भाचीचं काय झालं, ते सांगून थांबतो.

त्यांच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर दिवाळीला तिची उंची तिथे नोंदवतात. निघताना मी तिला चौकटीला उभं केलं, नवी रेघ मारली. १ मीटर २४. चौकट आतून बरोबर दोन मीटर. मी विचारलं, "वरच्या चौकटीला डोकं टेकायला अजून किती वाढावं लागेल?"

वही नव्हती, पेन नव्हतं. ती रेघेवर बोट ठेवून वर बघत राहिली. मग पुटपुटली, "चोवीसला सहा, तीस... तीसपासून शंभर, सत्तर..." आणि ओरडली, "शहात्तर!"

"शहात्तर काय?"

"सेंटिमीटर, मामा! शहात्तर मीटर वाढले तर घरात मावेन का मी?"

मी चपला घालत होतो तेवढ्यात ती आत पळाली. मला वाटलं खेळायला गेली. तर वही घेऊन आली आणि दारातच बसून दुसरं गणित खोडायला लागली.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी छोटं असेल तर आज रात्री एक मोडकी पट्टी शोधा. आणि मूल काय म्हणालं ते आम्हाला व्हॉइस नोट पाठवून नक्की कळवा. भाग आवडला तर एखाद्या ट्यूशन घेणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, उंची सांगताना "पॉइंट" म्हणू नका!